गेटाखालचं खाचर

मेहबूबभाई मुलाणी कंपनीत लागले तेव्हा त्यांच्या हातात खराटा होता आणि सगळे त्यांना झाडूवाला म्हणत. पुढे एक नवे साहेब आले, त्यांना तो शब्द टोचला, म्हणून मेहबूबभाई हाऊसकीपिंग झाले. त्यानंतर पर्यावरणाचं वारं सुटलं. भिंतींवर हिरवी पानं रंगवली गेली, आणि मेहबूबभाईंच्या गळ्यात एक पट्टा आला. पट्ट्याला ओळखपत्र, ओळखपत्रावर फोटो आणि फोटोखाली इंग्रजीत 'स्टॉर्म वॉटर कोऑर्डिनेटर'. खराटा मात्र तोच होता, आणि पगार देणारा ठेकेदारही तोच.

पण पट्ट्याची ऐट काही औरच! सुदुंबऱ्याला दाढी करायला जातानाही ते तो काढत नसत. न्हावी विचारायचा, "भाऊ, म्हंजी नेमकं काय करता तुमी?"

"पाऊस बगतो," मेहबूबभाई आरशातून सांगायचे.

"पाऊस तर आमी बी बगतो की."

"तुमी फुकट बगता."

आता त्यांचं काम काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचा घोळ कळेल. कंपनीत मोटारींचे लोखंडी भाग कातून निघायचे. कातताना जो तेलकट कीस पडतो, त्याचे ढीग मागच्या आवारात उघड्यावर लावलेले असायचे. वर शेड बांधायची असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी त्याच पैशात पुढच्या लॉनला नवी हिरवळ यायची. पावसाळ्यात त्या ढिगांवरून पाणी ओघळायचं, तेल घेऊन गटारात उतरायचं आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी असलेल्या लोखंडी गेटातून बाहेर ओढ्यात पडायचं. कागदावर सगळं झकास होतं. जोराची सर आली की मेहबूबभाईंनी चाक फिरवून गेट बंद करायचं, सुरुवातीचं घाण पाणी शेजारच्या टाकीत घ्यायचं, आणि आवार धुऊन निघालं की मग गेट उघडून स्वच्छ पाणी सोडायचं. किती सुंदर! फक्त टाकी गेल्याच्या गेल्या पावसाळ्यापासून काठोकाठ भरलेली होती. तिच्यात कॅन्टीनच्या मोडक्या खुर्च्याही टाकलेल्या होत्या, त्यांचे पाय वर दिसायचे. मग काय, गेट बारा महिने उघडंच. मेहबूबभाई चाकाला तेवढं ग्रीस लावायचे आणि शेजारी छत्री घेऊन बसायचे.

आणि ओढ्याच्या अलीकडे, गेटाच्या अगदी पायथ्याशी, पहिलं भाताचं खाचर कुणाचं? मेहबूब मुलाणींचंच.

"शिफाचे अब्बा," त्यांची बायको जाहिदा म्हणायची, "दिवसभर वरून तेल सोडता आन सांजचं घरी यिऊन इचारता, रोपं का पिवळी पडली?"

मेहबूबभाई पट्टा काढून खुंटीला लावत आणि भाकरी मागत. शिफा, म्हणजे त्यांची कॉलेजातली लेक, पुस्तकाआड तोंड लपवून हसायची.

पण मागच्या साली प्रकरण रोपांवरून माणसांवर आलं. मावळात भाताची लावणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात मी वाकायचं, उद्या माझ्या खाचरात तू. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, तेव्हा सावडीबाहेर राहिलेल्या घराची रोपं तरव्यातच, पेरलेल्या वाफ्यातच, म्हातारी होतात. जाहिदाची सावड गेणूच्या बायकोबरोबर, रंजनाबरोबर, आणि भावकीतल्या, शेजारच्या आणखी बायकांबरोबर. लग्न होऊन आली तेव्हापासूनची. मागच्या साली जाहिदाच्या खाचरात लावणी चालू असताना वरून तवंगाचं पाणी आलं, आणि त्या रात्रीपासून सगळ्या बायकांच्या पायांना अशी खाज सुटली की विचारू नका. पोटऱ्या लाल, बोटांच्या बेचक्या फुटलेल्या. सावडीतल्या सरुबाईला तर महिनाभर जोडवी घालता आली नाहीत.

यंदा रंजनानं तोंडावर सांगितलं, "जाहिदा, तुझ्यावर राग न्हाई गं. पर तवंग पयला तुझ्याच खाचरात साचतो, तितं न्हाई उतरायचो आमी. तू बी आमच्यात येऊ नगंस."

जाहिदा घरी येऊन चुलीपुढं बसली आणि रडली. ती सहसा रडणारी बाई नव्हती. भात गेला असता तर तिनं सोसलं असतं, पण सावडीतून काढलं म्हणजे गावातून काढल्यासारखंच की! मेहबूबभाईंनी ते रडणं बघितलं आणि त्यांचं डोकं फिरलं. पट्टा घातला आणि तडक गेणूच्या अंगणात जाऊन उभे राहिले. रंजना भांडी घासत होती.

"रंजना, गेटाचं चाक कुणाच्या हातात हाय?"

"तुमच्या, भाऊ. म्हनून तर बोंब हाय."

"मंग ऐक. जवा आमच्या खाचरात लावणी आसंल, तवा वरून एक थेंब येनार न्हाई. मुलाण्याची जबान हाय ही. आला तर पुन्यांदा आमच्या बांधावर पाय ठिवू नगा, मी बी बोलवायचो न्हाई."

भांडी घासायची थांबली. रंजनानं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मुलाण्याचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्या जत्रेतला बोकड कापणारं, त्यामुळे त्यांच्या जबानीला एक वजन होतं. "बरं," ती म्हणाली. "शुक्रवारी तुमची पाळी."

आता गंमत बघा. पट्टेवाल्यानं शब्द तर दिला, पण तो पाळायचा कसा, याचा विचार घरी परत येताना त्यांच्या डोक्यात आला. पाऊस कंपनीचा नोकर नव्हता. गेट बंद ठेवावं तर पाणी आत तुंबणार, आणि उघडावं तर खाली बायका. दोन दिवस मेहबूबभाई आभाळाकडे बघत फिरले. गुरुवारी मात्र चमत्कार झाला.

कंपनीचे पर्यावरण अधिकारी तुषारसाहेब त्यांना शोधत गेटापाशी आले. तुषारसाहेब रोज लोणावळ्याहून गाडीनं यायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त कुठल्याही गोष्टीचा फोटो चांगला आला की ती गोष्ट चांगली झाली, असं त्यांना मनापासून वाटायचं.

"मेहबूबभाई, उद्या ऑडिट आहे. आपला माल घेणाऱ्या कंपनीच्या अमृता मॅडम येतायत. पावसाचं पाणी आपण कसं हाताळतो ते बघायला. तर उद्या सकाळपासून गेट गच्च बंद. बाहेरचा पाइप मला कोरडा दिसला पाहिजे. एक थेंब नाही. झीरो डिस्चार्ज!"

मेहबूबभाईंचा जीव भांड्यात पडला. "साहेब," ते म्हणाले, "आगदी माझ्या मनातलं बोललात." आयुष्यात पहिल्यांदा कंपनीचं आणि जाहिदाचं एकमत झालं होतं. संध्याकाळी त्यांनी घरी फुशारकी मारली की आपण साहेबांना बजावून आलो. शिफानं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं.

शुक्रवार उजाडला तोच ओतत. सकाळी मेहबूबभाईंनी चाक पार शेवटपर्यंत आवळलं. भिंतीपलीकडे बायका प्लास्टिकच्या खोळी पांघरून खाचरात उतरल्या. रोपांच्या मुठी सुटायला लागल्या, रंजनानं गाणं धरलं, आणि मधूनच जाहिदाचा आवाज सगळ्यांच्या वर निघायला लागला. मेहबूबभाई चाकाशेजारी छत्री धरून बसले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत राहिले.

मॅडम दहाला येणार होत्या. पण ऑडिट शुक्रवारी ठेवण्यात एक धोरण होतं. पाहुणीला आदल्या दिवशीच लोणावळ्याच्या हॉटेलात उतरवायचं, शनिवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर नेऊन भिजवायचं, वर चिक्कीचे डबे द्यायचे, म्हणजे अहवालाला जरा गोडवा येतो. आता भुशीला जायला ज्यांना शनिवारपर्यंत धीर नसतो अशी अर्धी दुनिया शुक्रवारीच लोणावळ्यात लोटते. मॅडमची गाडी त्या गर्दीत अडकली ती अडकलीच. सात वेळा फोन झाले. इकडे पाणी काही गाडीसाठी थांबलं नाही. आधी गटार भरलं, मग किसाच्या ढिगांचे पाय बुडाले, मग मागचं आवार म्हणजे एक काळसर तळं झालं आणि त्यावर रंगीत तवंग फिरायला लागला.

दुपारी एकदाच्या मॅडम आल्या. तुषारसाहेबांनी त्यांना मागचं आवार चुकवून, मोठ्या छत्रीखालून थेट भिंतीबाहेरच्या पाइपाशी नेलं. पाइप खडखडीत कोरडा! मॅडमनी फोटो काढला. "एवढ्या पावसात?" त्या म्हणाल्या. तुषारसाहेब नुसते नम्रपणे हसले.

मग सगळे मीटिंगच्या हॉलमध्ये गेले. या हॉलचीही एक कथा आहे. कंपनी बांधताना वास्तुशास्त्रवाल्यानं सांगितलं होतं, ईशान्य कोपरा खोलगट ठेवा आणि साहेब लोक तिथं बसवा, भरभराट होईल. त्यामुळे प्लॉटमधल्या सगळ्यात खालच्या जागी हॉल होता. भरभराट खरंच व्हायला लागली. मागच्या आवारातून पाणी हळूहळू त्याच दिशेनं निघालं.

तुषारसाहेब हॉलच्या दारातून बाहेर आले आणि पाणी बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. धावत गेटापाशी आले. "मेहबूबभाई, उघडा! मॅडम आत बसल्यात, आता काही बघणार नाहीत. उघडा पटकन!"

मेहबूबभाईंनी भिंतीवरून खाली पाहिलं. अर्धं खाचर हिरवं झालं होतं, अर्धं अजून चिखलाचं होतं. बायका ओळीनं वाकलेल्या होत्या. कुणाच्याही पायात बूट नव्हते.

खरं सांगायचं तर मेहबूबभाई धीट माणूस नव्हते. साहेबापुढे आजवर त्यांनी 'व्हय' सोडून दुसरा शब्द काढला नव्हता. आताही त्यांच्या तोंडून तोच निघाला. "व्हय साहेब," ते म्हणाले, आणि चाकावर जाऊन बसले. नुसते बसले नाहीत, मांडी घालून बसले.

"अहो, फिरवा!"

"व्हय साहेब. अडाकलंय."

"काल तर ग्रीस लावलंत!"

"ग्रीसमुळंच घसराया लागलंय, साहेब."

"मग अडकलंय की घसरतंय?"

"आधी घसराया लागलं, मंग अडाकलं."

तुषारसाहेबांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात हॉलमधून बोलावणं आलं, पुढचं सादरीकरण त्यांचंच होतं. "मी येईपर्यंत हे उघडलेलं पाहिजे, नाहीतर उद्यापासून येऊ नका," असं ओरडून ते पळाले. मेहबूबभाईंच्या घरात दुसरा पगार नव्हता, शिफाचं कॉलेज चालू होतं. या अल्ला, कुठून ती जबान दिली, असं त्यांना दहादा वाटलं. पण बूड काही चाकावरून हललं नाही.

हॉलमध्ये पडद्यावर निळाशार थेंब आला. खाली अक्षरं, 'प्रत्येक थेंबाची जबाबदारी आमची'. आणि दाराच्या फटीतून ती जबाबदारी आत आली. आधी गालिच्याची कड काळी झाली. मग खुर्च्यांखाली पाणी सरकलं, त्यावर लोखंडाचे चकाकते तुकडे आणि सुंदर सप्तरंगी तवंग. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आपले इटालियन बूट हळूच उचलून शेजारच्या खुर्चीवर ठेवले, पायांसकट. तुषारसाहेब बोलतच राहिले. त्यांना वाटलं, आपण खाली बघितलं नाही तर कुणी बघणार नाही.

अमृता मॅडमनी मात्र बघितलं. "हे पाणी कुठून येतंय?"

"पावसाचं आहे, मॅडम," तुषारसाहेब म्हणाले. खोटं काही नव्हतं त्यात.

मॅडमनी सँडल काढून हातात घेतल्या, सलवार वर खोचली आणि पाणी ज्या बाजूनं येत होतं त्या बाजूला चालायला लागल्या. त्यांच्यामागे तुषारसाहेब, त्यांच्यामागे छत्रीवाला, त्याच्यामागे मोठे साहेब, सगळे घोटाभर तेलपाण्यातून. किसाचे ढीग, खुर्च्यांचे पाय वर आलेली टाकी, सगळं मॅडमनी वाटेत पाहिलं. शेवटी त्या गेटापाशी आल्या. चाकावर एक पन्नाशीचा माणूस मांडी घालून बसलेला, गळ्यात पट्टा, डोक्यावर मोडकी छत्री.

"गेट का उघडत नाही तुम्ही?"

मेहबूबभाईंनी तुषारसाहेबांकडे पाहिलं. तुषारसाहेब डोळ्यांनी सांगत होते, अडकलंय म्हणा. मेहबूबभाईंनी तोंड उघडलं, आणि नेमकं त्याच वेळी खाली जाहिदा कशावर तरी खदखदून हसली. त्यांना भडभडून आलं.

"न्हाई उघडनार," ते म्हणाले. "खाली माझी बायकू हाय. बाकीच्या बी बायका हायेत. मागल्या साली ह्याच पान्यानं त्यांचं पाय सडलं. अर्धी लावणी ऱ्हायलीय. ती झाल्याबिगर मी हितनं उठायचो न्हाई, मंग काडून टाका."

मॅडम भिंतीपाशी गेल्या, टाचा उंचावून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग परत फिरल्या. मोठे साहेब तेवढ्यात वाकून पायाची पोटरी खाजवत होते.

संध्याकाळी शेवटची मूठ लागली. बायका बांधावर चढून आपापले पाय न्याहाळत राहिल्या, एकमेकींचेही. पाय स्वच्छ होते. रंजनानं वर भिंतीकडे बघून हाक मारली, "मेहबूबभाऊ, सोमवारी आमच्यात जाहिदाला धाडा!" मेहबूबभाई चाकावरच होते. त्यांनी छत्री हलवली. त्या रात्री जाहिदानं त्यांना गरम पाण्यानं पाय धुवायला दिलं, कारण ते मात्र तेलानं माखले होते.

आणि आत तुंबलेलं पाणी? खुर्च्या काढून, टाकी उपसून, टँकरवर टँकर भरून रविवारपर्यंत नेत होते. दोन पावसाळे ज्या टँकरला वेळ मिळाला नव्हता तो एका दिवसात आला. मोठ्या साहेबांच्या पायाला खाज सुटली होती ना!

आता तुम्हाला वाटेल, शेड झाली असेल, सगळं मार्गी लागलं असेल. मॅडमनी अहवाल चोख लिहिला होता, त्यांना बोल लावता येणार नाही. किसावर छप्पर हवं, टाकी रिकामी हवी, आवाराचा उतार बदलायला हवा. आणि सगळ्यात शेवटी एक बारीक नोंद, की गेटावरच्या कामगाराचे आप्त पाण्याच्या वाटेवर राहतात, त्यामुळे तो अडचणीत येतो, याचा विचार व्हावा. कंपनीनं विचार केला. छपराला खर्च होता, उताराला जास्त खर्च होता, शेवटच्या नोंदीला काहीच खर्च नव्हता. म्हणून ती आधी सोडवली. ठेकेदाराला हुकूम गेला, गेटावर असा माणूस द्या ज्याचं खाली कुणी राहत नाही.

ठेकेदारानं गावात शोध घेतला. पण गावात असा माणूस मिळेना, प्रत्येकाचं कुणी ना कुणी खाली होतंच. शेवटी त्यानं पार लोणावळ्याजवळच्या औंढ्याहून कैलासला आणलं. तिशीतला, दणकट, इकडच्या शिवारात ना सोयरा ना सासुरवाडी. मेहबूबभाईंना वरच्या दारात साहेबांच्या गाड्यांपाशी झाडायला लावलं. पट्टा काढून घेतला. त्यांच्या फोटोवर कैलासचा फोटो चिकटवला आणि पट्टा त्याच्या गळ्यात घातला.

मेहबूबभाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. "माझी जागा घेतली त्यानं. तोंड बगनार न्हाई त्याचं."

"बगा बाई, मानूस!" जाहिदा म्हणाली. "त्याला उद्या दुपारी जेवाया घिऊन या."

"कुणाला? माझ्या पोटावर पाय देनाऱ्याला?"

"तुमी गेट राखलं एक दीस. भात पोटरीत यायचाय अजून, निसवायचाय, आख्खा पावसाळा काडायचाय. त्याला घिऊन या म्हनते ना."

मेहबूबभाई कुरकुरले, पण घेऊन आले. आखाड चालू होता, घराघरांत रस्से शिजत होते. जाहिदानं कोंबडी केली होती, बाजरीच्या भाकऱ्या, वर कांदा. कैलास संकोचून ओसरीवर बसला. तो काही वाईट नव्हता, बिचारा घरून सुका डबा आणायचा. वासानं त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

जाहिदा ताट घेऊन बाहेर आली, पण त्याच्यापुढं ठेवलं नाही. हातातच धरून उभी राहिली.

"हितं जवळ कुनी न्हाई ना तुमचं?"

"न्हाई जी," कैलास म्हणाला. "तीच तर अट हाय कामाची."

"आधी मला ताई म्हना. मंग ताट."

कैलासनं मेहबूबभाईंकडे पाहिलं. मेहबूबभाईंनी आधी नजर चुकवली, मग त्यांनाही हसू आवरेना. कैलासनं रश्शाकडे पाहिलं, गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहिलं. आपण ही हाक मारली तर काय होऊन बसणार, हे त्याला कळत होतं.

"ताई," तो म्हणाला.

"मला बी," रंजना दारातून म्हणाली. "माझं खाचर हिच्याच खाली लागतंय." आणि तिच्यामागं अंगणात सावडीतल्या बाकीच्या बायका चपला काढत होत्या.